मॅचला तिकीट नसतं

अंबरनाथ,
२ फेब्रुवारी १९८७

चिरंजीव भगवंत यास,
आईचा जयभीम.

पाकिटावरचं अक्षर विठाचं आहे. माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच स्टोव्हवर धरलं असतंस, म्हणून कँटीनमध्ये तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच.

तू ट्रंक उचलून गेलास त्याला पंधरवडा झाला. अंबरनाथ ते बदलापूर एकच स्टेशन, पण हेंद्रेपाड्यात खोली घेऊन तू असा गप्प बसलास की चाळीतले लोक विचारतात, पोरगा मस्कतला गेला का? मी म्हणते, हो, खूप लांब गेलाय.

जाताना म्हणालास, "आई, तू तुझ्या रंगवाल्यांकडेच राहा." मग मी दुसरीकडे कुठे राहू? रंगाच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी भात शिजवते. चाळीत सगळे रंगवाले. तुझ्या बाबांनी रंगवाल्यांचा गोल राखता राखता गुडघा घालवला. तू पंपाच्या कंपनीत गोलकीपर म्हणून लागलास, फार चांगलं झालं, मी पेढे वाटले. पण पोराने नोकरी धरली म्हणून आईने टीम बदलायची, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते मला दाखव.

आता त्या फायनलचं. गावभर लोक तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून काय झालं ते मी एकदा नीट लिहून ठेवते.

सकाळी तुला भाकरी आणि अंडी मीच करून घातली. पंपवाल्यांनी दिलेली हाफपँट कमरेत ढगळ होती, म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून नवी नाडी आणून तीही मीच ओवली. चाळीतल्या बायका हसत होत्या, अंजनाबाई दुपारी ज्याच्या विरोधात ओरडणार त्यालाच सकाळी सजवून पाठवतेय. मी म्हटलं, सकाळी मी आई असते आणि दुपारी सपोर्टर. ज्याला जमत नाही त्याने मॅच बघू नये.

एक-एक गोल झालेला. शेवटची मिनिटं. रंगवाल्यांना पेनल्टी मिळाली. दशरथ बॉल ठेवून मागे सरकला. मी नेहमीप्रमाणे गोलच्या बाजूला माझ्या त्या रंगाच्या रिकाम्या ड्रमवर बसलेली. आणि मला दिसलं की तुझी नाडी सुटून गुडघ्यापर्यंत लोंबतेय.

मी ओरडले, "बबड्या, नाडी!"

एवढंच. दुसरा शब्द नाही. तू शाळेत जायचास तेव्हा रोज दारातून मी हेच ओरडायचे आणि तुझे दोन्ही हात कमरेला जायचे. त्या दिवशीही गेले. दशरथने बॉल मारला तेव्हा रंगवाल्यांचा, पंपवाल्यांचा आणि रेफरीचा जीव बॉलमध्ये होता, तुझा एकट्याचा चड्डीत होता. त्याला मी काय करू?

तुझं म्हणणं, मी मुद्दाम केलं. अरे, मुद्दामच करायचं असतं तर मी दुसरं काही ओरडले असते. तुझ्याबद्दल ओरडण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. नाडी खरंच सुटली होती. पँट खाली आली असती तर तू मला जास्त बोलला असतास, की आई, तुला दिसत होतं आणि तू सांगितलं नाहीस.

हाराचं म्हणशील, तर तो रंगवाल्यांच्या रामभाऊंनी घातला. जिंकल्यावर सगळ्यांनी मला ड्रमसकट उचललं. झेंडूचा हार होता, ताजा. गळ्यात पडलेला हार काढून फेकायचा का? मी तो घालून घरी आले ते तुला लागलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, तूही हसशील.

लोक म्हणतात, कामगारांच्या मॅचला तिकीट नसतं, फुकट करमणूक. फुकट! काल गल्लीतली पोरं "बबड्या, नाडी" ओरडत चालली होती. मी त्यांच्यावर चप्पल फेकली. पोरं वाचली, चप्पल गटारात गेली. चप्पल गेल्याचं काही नाही. संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त होतात आणि खायला कोणी नसतं.

ट्रंक मोठी आहे, परत आणताना रिक्षा कर.

तुझी,
आई


अंबरनाथ,
२१ फेब्रुवारी १९८७

चि. भगवंत,
जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. घरच्या भांडणाचं कोणी कार्ड टाकतं का रे? इनलँड घ्यायचं. पोस्टमनचा मेहुणा तुमच्या पंपात फिटर आहे. त्याने दारात उभं राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं वाचलं, "एक तर मॅच, नाहीतर मी. ठरव." वर मलाच म्हणाला, "बरोबर बोलतो पोरगा." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तर मी ठरवलं. मॅच सोडली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे शपथ घ्यायला उभी राहिले होते, पण घेतली नाही. त्यांच्यासमोर खोटं बोलायचं नाही आणि माझा मला भरवसा नाही. म्हणून शपथ न घेता नुसतीच सोडली.

नाडीचा सोक्षमोक्ष लावायला मात्र मी कॅम्प दोनला गेले. तो आपला सिंधी दुकानदार, ज्याने छातीवर हात ठेवून गॅरंटी दिली होती. तू जाताना काढून फेकलेली नाडी मी त्याच्या काउंटरवर टाकली आणि म्हटलं, "सेठ, ये नाडी ने मेरा घर तोडा."

त्याने नाडी ओढून बघितली, वळवून बघितली. "माई, नाडी तो एकदम फर्स्ट क्लास है. गांठ किसने मारी थी?"

"मेरे लडके ने."

"कौन लडका? वो पेनल्टीवाला?" म्हणजे बातमी उल्हासनगरपर्यंत पोचलेली! त्याने लगेच पोऱ्याला चहा सांगितला आणि शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून घेतलं. "ये उसकी मदर है." मग तिघांसमोर मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. हसून हसून एकाचा चष्मा पडला. शेवटी सेठ म्हणाला, "माई, नाडी पर गुस्सा मत करो. नायलॉन है, फिसलता है. अगली बार इलास्टिक ले जाना." मी म्हटलं, अगली बार पोरगा घरी असेल तर नेईन.

परत येताना मैदानावरून आले, कारण तो रस्ता जवळचा आहे. पोरं खेळत होती, पण मी बघितलं नाही. डाव्या बाजूचा पोरगा बरा खेळतो.

आई


अंबरनाथ,
१५ एप्रिल १९८७

चि. भगवंत,
जयभीम. कालच्या जयंतीचा शीण अजून उतरला नाही, तरी लिहायला बसलेय.

तू मला मिरवणुकीत ओळखलंस का, हे मला कळलं नाही म्हणून विचारते. तुम्ही पंपवाल्यांनी पाण्याचा स्टॉल लावला होता. मी रांगेत उभी राहिले. तू मान खाली घालून ग्लास भरत होतास. ग्लास पुढे केलास, वर बघितलंस आणि "जयभीम" म्हणालास. समोर येईल त्या प्रत्येकाला म्हणत होतास तसंच म्हणालास. मी पाणी प्यायले आणि परत रांगेच्या शेवटी गेले. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा तू विचारलंस, "बस का?" मी म्हटलं, बस. पोट टम्म झालं होतं, त्या पाण्यावरच घरी आले.

अंगावरचा शर्ट चुरगळलेला होता. इस्त्री नाही का खोलीवर?

तू विचारशील, एवढं काय ठेवलंय त्या मॅचमध्ये. तू लहान होतास म्हणून तुला नीट आठवत नसेल. बाबांचा गुडघा गेल्यावर त्यांना उभं राहवत नव्हतं. तेव्हा रामभाऊंनी कंपनीतून रंगाचा रिकामा ड्रम आणून मैदानावर उलटा घातला. "बबन, ही तुझी जागा." त्या ड्रमवर बसून बाबा चार वर्षं ओरडले. ते गेले त्या आठवड्यात मॅच होती. रामभाऊ दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, ड्रम रिकामा बघवत नाही. येऊन नुसत्या बसा." मी नुसती बसले. हाफटाइमनंतर एकाने बॉल गमावला आणि माझ्या तोंडून बाबांचीच शिवी गेली. सगळं मैदान माझ्याकडे वळलं. त्या दिवसापासून मी बसतेय.

घरात मी एकटी रडले असते. तिथे शंभर माणसांत ओरडले, आणि लोकांनी त्याला सपोर्ट म्हटलं. तूही त्याच ड्रमशेजारी मोठा झालास. कँटीनमधले कांदे तुझ्याकडे फेकून फेकून मी तुला झेलायला शिकवलं. त्या कांद्यांचे पैसे पगारातून कापले गेले, तेव्हाही मॅच फुकटच होती म्हणे.

इस्त्री पाठवू का?

आई


अंबरनाथ,
३० ऑगस्ट १९८७

चि. भगवंत,
जयभीम.

विठाची भाची बदलापूरच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्याबरोबर तुळशी नावाची दुसरी नर्स आहे. ती तुळशी सध्या ड्यूटी सुटल्यावर एका गोलकीपरबरोबर चहा पिते. आणि त्या गोलकीपरचं येत्या फेब्रुवारीत विहारात लग्न ठरलंय. हे सगळं मला भाताचं पातेलं उतरवताना कळलं. पातेलं माझ्या हातात होतं म्हणून कोणाला काही झालं नाही.

मुलीला मी लांबून बघून आले. दवाखान्यात गेले होते, घसा दाखवायला. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, भाजी विकता का?" मी म्हटलं, नाही, फुटबॉल. तुझ्या तुळशीने माझ्या घशात टॉर्च मारला. तिला माहीत नव्हतं मी कोण. म्हणाली, "मावशी, आवाज जपा. घरी भांडण फार होतं का?" मी म्हटलं, भांडायला घरी कोणी नाही. तिने गोळ्या दिल्या आणि मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या. मुलगी चांगली आहे, हात हलका आहे. नाव मी विठाचं सांगितलं, त्यामुळे रजिस्टरमध्ये विठाचा घसा बसलाय.

आता एवढंच सांग. लग्नात पोराच्या बाजूने पुढे कोण उभं राहणार? तुझा घरमालक की पंपाचा मॅनेजर? मला बोलवायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही. फक्त कार्ड टाकू नकोस.

आई


अंबरनाथ,
९ नोव्हेंबर १९८७

चि. भगवंत,
जयभीम.

दिवाळी झाली आणि कामगार चषक पुन्हा सुरू झाला, हे मला ऐकून माहीत आहे. मी कुठेही गेले नाही. काल फक्त कोथिंबीर आणायला गेले होते.

कोथिंबीरवाली नेमकी मैदानाच्या भिंतीशी बसते. मी जुडी घेतली आणि निघालेच होते. पण भिंतीला ते भगदाड आहे ना, त्यातून दशरथ एकटा पुढे पळताना दिसला. पुढे काय होतं एवढंच बघायला थांबले. गोल झाला. जुडी हातातून कुठे गेली मला कळलंच नाही. मग रामभाऊ डोक्यावरची कोथिंबीर झटकत भगदाडापाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, भिंतीपलीकडून काय बघता? ड्रम पुसून ठेवलाय."

मी आत गेले, कारण माझी कोथिंबीर त्यांच्याकडे होती.

तुला हे दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच कळवते. तेरा डिसेंबरला तुमची आणि आमची मॅच आहे. मी येऊ की नको ते तू सांग. तू नको म्हणालास तर मी घरी बसेन आणि कोथिंबीरसुद्धा आणणार नाही.

आई


अंबरनाथ,
१४ डिसेंबर १९८७

चि. भगवंत,
जयभीम.

मी शब्द पाळला. हे आधी मान्य कर, मग पुढचं वाच.

तू लिहिलं होतंस, "यायचं तर ये. पण तोंड उघडलंस तर लग्नाचं आमंत्रण विसर." पोस्टमनने या वेळी हळू आवाजात वाचलं. रात्रभर मला प्रश्न, तोंड बंद ठेवायचं कसं? मला स्वतःची सवय माहीत आहे. शेवटी घरून पाण्याची बाटली घेतली आणि ड्रमवर बसल्यावर तोंडात पाण्याचा घोट भरून धरला. लहानपणी आम्ही मुली असं पाणी तोंडात धरून हसवण्याचा खेळ खेळायचो. पाणी तोंडात असलं की माणूस ओरडू शकत नाही. फक्त दशरथच्या पहिल्या गोलला ते सगळं बाहेर आलं. रामभाऊ समोर होते. त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "वहिनी, बरं नाही का?" मी मानेनेच सांगितलं, बरं आहे, आणि दुसरा घोट भरला.

पण भगवंत, तुला झालं काय होतं? बॉल डावीकडून आला, तू उजवीकडे. उजवीकडून आला, तू जागेवरच उभा. तीन गोल! आणि प्रत्येक वेळी दशरथ पुढे आला की तू बॉलकडे न बघता ड्रमकडे बघत होतास. मी हाताने खुणा करत होते की समोर बघ, समोर बघ. तोंडात पाणी. तिसऱ्या गोलला मी डोळे मिटून घेतले. रंगवाले नाचत होते आणि मी, रंगवाल्यांची सपोर्टर, ड्रमवर बसून रडत होते. पाणी तेव्हा मी गिळून टाकलं.

मॅच संपल्यावर दशरथ माझ्याजवळ आला. म्हणाला, "मावशी, आज कळलं मला. तुम्ही दर टायमाला 'दशरथ, डावीकडून घाल', 'दशरथ, कोपऱ्यात मार' असं बोंबलायच्या ना, ते त्याला पण ऐकू यायचं. मी शॉट मारायच्या आधी तो तिकडेच उडी घ्यायचा. आज तुम्ही गप, तर तो आंधळा झाला!"

रामभाऊंनी कपाळाला हात लावला. दोन वर्षांत पंपवाल्यांविरुद्ध वाया गेलेले सगळे शॉट त्यांना एकदम आठवले असणार. माझ्याकडे असे बघत होते, जणू मी रोज कँटीनमधला रंगवाल्यांचा डबा बदलापूरला पोचवत होते. मग हात जोडून म्हणाले, "वहिनी, फायनल पुन्हा त्यांच्याशीच पडली, तर तुम्ही अशाच पाणी पीत बसा. कंपनीतर्फे मी सरबत पाठवतो."

बघ, काय झालं माझं. मी ओरडले की पोरगा जातो, गप्प बसले की पोरगा हरतो. आणि ज्या टीमसाठी मी घसा फोडला तिला मीच बुडवत होते. नऊ वर्षं फुकट मॅच बघितल्या त्याचं बिल सगळं एकदम आलं.

तुझा शब्द होता, मी तोंड उघडलं नाही. आता आमंत्रणाचं तू बघ. आणि हरलास म्हणून जेवणावर राग काढू नकोस.

आई


अंबरनाथ,
१२ जानेवारी १९८८

चि. भगवंत,
जयभीम.

आज जेवणाच्या सुट्टीत मी आमटी वाढत होते. रांगेत एक मुलगी ताट न घेता उभी. पांढरी साडी, खांद्याला पर्स. मी म्हटलं, ताट कुठंय? ती म्हणाली, "विठामावशी, घसा कसा आहे?"

खरी विठा मागे पोळ्या लाटत होती, ती म्हणाली, "माझ्या घशाला काय झालंय?" मग सगळंच उघडं पडलं. तुळशी इतकी हसली की तिला स्टुलावर बसवावं लागलं. मी तिला आमटीभात वाढला. सगळा खाल्ला तिने, वर लोणचंही मागून घेतलं. मुलगी घरात चालेल.

जेवताना म्हणाली, "मावशी, त्यांचं काय झालंय माहितीय का? त्या मॅचपासून नीट झोप नाही त्यांना. म्हणतात, बॉल कुठून येतो तेच समजत नव्हतं. मी बोलले, चष्मा लागला असंल, चेक करू. तर म्हणतात, डोळ्यांचं नाय ते. आईचा आवाज आला नाय."

मी आमटीच्या पातेल्यात बघत राहिले. विठा म्हणाली, अंजना, मीठ पडतंय त्यात. मी तिला गप्प बसवलं.

मग तुळशीने पर्समधून ते तिकीट काढलं. उल्हासनगरच्या मैदानावर या वर्षीची फायनल, रंगवाले विरुद्ध पंपवाले. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी मॅच ठेवलीय म्हणून पहिल्यांदाच तिकीट लावलंय, हे मला माहीत होतं. मी जाणार नव्हते. रामभाऊंनी दिलेल्या सरबताच्या बाटल्या मी कँटीनमध्ये वाटून टाकल्या होत्या.

तू माझ्यासाठी तिकीट काढलंस. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात मॅचचं तिकीट आलं. आणि मी नीट वाचलं, दोनदा वाचलं. ते तुमच्या पंपवाल्यांच्या बाजूचं नाही. रंगवाल्यांच्या बाजूचं आहे. तू स्वतः जाऊन रांगेत उभा राहून समोरच्या टीमचं तिकीट मागितलंस! खिडकीवरच्या माणसाने काय विचार केला असेल?

मागच्या बाजूला तुझं अक्षर. "आई, ओरड. तुझा बबड्या."

वर्षापूर्वी ज्या नावावरून तू घर सोडलंस, तेच खाली सही करून पाठवलंस. मी ते तिकीट ब्लाउजमध्ये ठेवलं आणि उरलेल्यांना वाढलं. आज सगळ्यांना आमटी जास्त मिळाली.

तुळशी जाताना म्हणाली, "पत्रिका छापायचीय. वर तुमचंच नाव येणार. मजकूर तुम्ही सांगायचा. रविवारी मॅच झाल्यावर आम्ही दोघं घरी येतो, तेव्हा बसू लिहायला. आणि आई, भाकरी जास्त टाका." मावशीची आई कधी झाले ते माझ्या लक्षातच आलं नाही. ती गेल्यावर विठाने सांगितलं.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे नंतर भांडण नको. मी रविवारी रंगवाल्यांसाठीच ओरडणार. दशरथला नावाने हाक मारून, डावीकडून घाल म्हणून, पूर्वी ओरडत होते तसंच. मनापासून. तुझ्या बाबांची टीम आहे ती, मी बदलणार नाही. ते तुला ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही. रामभाऊंना मी तोंडावर सांगून आले. त्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "वहिनी, बबन असता तर तोही गप्प बसला नसता." ड्रम ते टेम्पोत घालून आणणार आहेत. गेटवर अडवलं तर ड्रमचंही तिकीट काढतील.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मी कॅम्प दोनला जाऊन आले. सेठने लांबूनच ओळखलं. "माई, बेटा वापस आया?" मी म्हटलं, रविवार को आएगा. त्याने इलास्टिकचं भेंडोळं काढलं, माझ्यासमोर हातभर ताणून सोडलं आणि पैसे घ्यायला तयार होईना. मी जबरदस्तीने दिले. फुकटचं मला आता काही नको.

ते इलास्टिक या पाकिटात घातलंय. पँटला आता असेल ती नाडी काढून टाक आणि हे ओवून घे. तुला येत नसेल तर तुळशीकडून ओवून घे, तिचा हात हलका आहे. मी जोरात ओरडणार आहे, बबड्या. दोन्ही हात मोकळे ठेव.

तुझी,
आई